डब्ल्यूपीसीचं कुंपण घरीच दुरुस्त करताना: मराठवाड्याचं ऊन आणि काळी माती यांचा हिशेब

वाळवी लागत नाही, दरवर्षी रंग मारावा लागत नाही आणि लांबून सागवानासारखं दिसतं, म्हणून आपल्याकडे बंगल्यांच्या आणि रो-हाऊसच्या कंपाउंडवर डब्ल्यूपीसीच्या पट्ट्या दिसू लागल्या. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून साच्यातून काढलेली ही पट्टी. वाळवीची गोष्ट बऱ्यापैकी खरी आहे. मात्र दुकानदार ज्या दोन गोष्टी सांगत नाही त्या अशा: ही पट्टी उन्हात लांबते, थंडीत आखडते, आणि ती ज्या खांबावर उभी असते तो खांब काळ्या मातीत असेल तर तो दरवर्षी थोडा हलतो. मराठवाड्यातली बहुतेक मोडतोड या दोनांतूनच निघते. उरलेली गाडी रिव्हर्स घेताना, म्हैस अंग घासताना आणि वानरांच्या उड्यांनी होते.

त्यामुळे पाना हातात घेण्याआधी तुटलेल्या जागेकडे नीट बघायचं. कारण तसंच ठेवून पट्टी बदलली तर नवी पट्टीही त्याच जागी फुटते.

तूट काय सांगते

स्क्रूच्या भोकापासून पट्टीच्या टोकाकडे गेलेली बारीक चीर दिसली तर स्क्रू फार आवळलाय किंवा भोक फार घट्ट आहे. पट्टीला हलायला जागा मिळाली नाही, म्हणून ती स्वतःच चिरली. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो हाच प्रकार, कारण फॅब्रिकेटर लोखंडाच्या सवयीने काम करतो: पट्टी ठेवली, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारला, गच्च केला, पुढची पट्टी.

पट्टी मध्येच धनुष्यासारखी बाहेर आली असेल तर दोन्ही टोकांना फट सोडलेली नाही. हे दुपारी बघा आणि पहाटे पुन्हा बघा. पहाटे फुगवटा कमी झालेला दिसला तर शंकाच नको.

पट्टी खाली लोंबली असेल तर दोन आधारांमधलं अंतर जास्त आहे. डब्ल्यूपीसी लाकडाइतकं ताठ नसतं आणि तापल्यावर आणखी नरम पडतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं लोंबत गेलेली पट्टी परत सरळ होत नाही. ती उलटी करून बसवली तर काही महिने बरी दिसते, पण मध्ये आधार दिल्याशिवाय हा आजार जात नाही.

तीन-चार पट्ट्यांच्या फटी एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला बंद आणि वरची रेघ वाकडी असेल तर पट्टीला हातच लावू नका. खांब कलला आहे. पट्ट्या निव्वळ त्याची बातमी देताहेत.

उरला सरळ मार. चेंडू, दगड, बंपर, गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना गार काय करू शकते हे सांगायला नको. पोकळ पट्टीचा पातळ पापुद्रा अशा माराने आत बसतो, भरीव पट्टीचा कोपरा उडतो. यात दुसरं कारण शोधत बसू नये, तुटलं तेवढं दुरुस्त करावं.

पट्टी कोणत्या प्लास्टिकची आहे?

हे कळल्याशिवाय चिकटवण्याचं काम सुरू करू नका. बाजारात 'डब्ल्यूपीसी' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक पॉलिथिनची, म्हणजे एचडीपीई आणि भुसा यांची, वजनदार आणि बाहेरच्या कामासाठीच बनवलेली. दुसरी पीव्हीसीची, बहुतेकदा फेसाळ, तीच जी दरवाजे आणि किचनच्या कपाटांसाठी वापरतात. ही दुसरी कुंपणाला वापरलेली असेल तर गडद रंगात ती उन्हाने लवकर नरम पडते; पीव्हीसी साधारण ७०-८० अंशांच्या आसपास मऊ होऊ लागतं आणि मे महिन्यात गडद पट्टीचा पृष्ठभाग त्याच्या बराच जवळ जातो.

ओळखायला दोन सोपे उपाय. तुटलेला लहान तुकडा बादलीत टाका. तरंगला तर फेसाळ पीव्हीसी. बुडाला तर पॉलिथिनची किंवा भरीव पीव्हीसीची. मग पाइप जोडायच्या सोल्युशनचा एक थेंब पट्टीच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला टाका आणि पाच मिनिटांनी काडीने टोकरा. पृष्ठभाग चिकट, मऊ झाला असेल तर पीव्हीसी. काहीच झालं नसेल तर पॉलिथिन. जाळून वास घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि तो नाका-फुप्फुसाला वाईट असतो.

पीव्हीसीची चीर सोल्युशनने चांगली जुळते. पॉलिथिनला मात्र जवळपास कुठलाच गोंद धरत नाही. फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, सिलिकॉन, सगळं वाळल्यावर नखाने सुटतं. तिथे जोड स्क्रूने किंवा नटबोल्टनेच द्यायचा, भरण फक्त दिसण्यासाठी.

आणखी एक पाहून ठेवा. पट्टीचं कापलेलं टोक बघितलं की बाहेरून पातळ प्लास्टिकचा वेगळा थर आहे का ते कळतं. थर असलेल्या पट्टीला पॉलिश पेपर मारायचा नाही. थर गेला की आतला वेगळाच रंग उघडा पडतो, आणि तो परत बसवता येत नाही.

हत्यारं

घरात ड्रिल असेल तर निम्मं काम झालं. बॅटरीचं स्क्रू-ड्रायव्हर मशीन शेजाऱ्याकडून आणा, कारण त्याला आवळण्याची मर्यादा ठरवता येते. बाकी मोजपट्टी, गुण्या, ओळंबा, दोरी, हॅकसॉ, ६० आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर, तारेचा ब्रश. चार-पाचपेक्षा जास्त काप घ्यायचे असतील तर बारीक दातांचं कार्बाइड ब्लेड लावलेली करवत घ्या. ग्राइंडरला लोखंड कापायचा दगड लावून पट्टी कापू नका. ती कापली जात नाही, वितळते. चष्मा आणि मास्क हवाच. खाली जुनी चादर अंथरा, म्हणजे प्लास्टिकचा भुसा बागेच्या मातीत जाणार नाही. हा भुसा लगेच टाकूही नका, पुढे त्याचं काम आहे.

ओरखडे, डाग, पांढरे थर

थर नसलेल्या पट्टीवरचा ओरखडा ८० नंबरच्या पेपरने, पट्टीवरच्या रेषांच्याच दिशेने घासायचा, मग त्यावरून तारेचा ब्रश त्याच दिशेने एक-दोनदा फिरवायचा. घासलेली जागा आधी वेगळी दिसते. दोन-तीन महिने ऊन खाल्लं की आजूबाजूच्या रंगात मिसळायला लागते. थर असलेल्या पट्टीवरचा ओरखडा मी तसाच ठेवतो. हीट गनने तो बुजवतात, पण हात एक क्षण जास्त थांबला की तिथे चमकदार चट्टा पडतो आणि तो ओरखड्यापेक्षा जास्त डोळ्यात भरतो.

बोअरचं पाणी बागेला देताना कुंपणावर उडालं की क्षारांचा पांढरा थर चढतो. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवून फडक्याने लावा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. संडास धुवायचं ॲसिड अजिबात नको, ते स्क्रू आणि खांब खातं. पावसाळ्यात सावलीच्या बाजूला येणारं शेवाळ भांड्यांच्या साबणाने आणि मऊ ब्रशने जातं. हट्टी असेल तर पातळ ब्लीच वापरा, पण ब्लीच आणि लिंबूसत्व एकाच दिवशी, एकाच बादलीत कधीही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. रस्त्याकडेच्या कुंपणावरच्या पानाच्या पिचकाऱ्या ताज्या असतानाच साबणाने धुवायच्या. मुरलेला कात थर नसलेल्या पट्टीत कायमचा वस्तीला येतो.

चीर थांबवणं आणि भोक बुजवणं

चीर लहान असो की मोठी, पहिलं काम तिचं टोक शोधण्याचं. ओल्या फडक्याने पुसलं की चीर काळी रेघ होऊन दिसते. जिथे ती संपते तिथे ३ मिमीचं आरपार भोक पाडा. चिरेचा ताण टोकाच्या अणकुचीदार बिंदूवर येतो. गोल भोकाने तो पसरतो आणि चीर पुढे सरकत नाही.

त्यानंतर चिरेत अडकलेली धूळ ब्रशने काढा. पीव्हीसीची पट्टी असेल तर सोल्युशन आत सोडा, दोन्ही बाजू दाबून सुतळीने किंवा क्लॅम्पने धरा आणि रात्रभर तसंच ठेवा. पॉलिथिनची असेल तर मागच्या बाजूने जाड ॲल्युमिनियमची पट्टी, किंवा त्याच कुंपणाच्या पट्टीचा सहा इंचाचा तुकडा, चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन लहान नटबोल्ट लावून बसवा. बोल्टची डोकी पुढून दिसतील. आवडत नसेल तर पुढच्या बाजूने भोक थोडं खोलगट करून डोकं आत बसवा आणि वरून भरण करा.

भरण म्हणजे दोन घटकांचं इपॉक्सी, आणि त्यात तुम्ही जपून ठेवलेला भुसा. एम-सीलसारखी पुटी घेतली तरी चालते, मात्र ती राखाडी दिसते. भुसा मिसळायला पातळ इपॉक्सी बरं. लापशीसारखं घट्ट होईपर्यंत भुसा मिसळा. भरण्याआधी चिरेच्या कडा सुरीने आतून किंचित रुंद करा, म्हणजे वाळलेलं भरण आत अडकून राहील. पॉलिथिनमध्ये ते चिकटून राहणार नाहीच, अडकूनच राहायचं आहे. थोडं वर उंच भरा आणि दुसऱ्या दिवशी घासून सपाट करा. दुपारच्या उन्हात इपॉक्सी कालवू नका, वाटीतच घट्ट होईल.

पोकळ पट्टीला पडलेलं भोक असं नुसतं भरून चालत नाही, कारण मागे काही नाही. भोक चौकोनी कापा, आतून आधाराला एक तुकडा सरकवून दोन स्क्रूंनी धरा, आणि त्यावर मोजून कापलेलं ठिगळ बसवा. वेळ बराच जातो आणि ठिगळ ठिगळच दिसतं. माझं मत विचाराल तर पोकळ पट्टीला रुपयाएवढ्यापेक्षा मोठं भोक पडलं की पट्टी उलटवायची किंवा बदलायची.

उलटवणं हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त उपाय. पुष्कळ पट्ट्यांच्या दोन्ही बाजू दिसण्यासारख्या असतात, फक्त एका बाजूला रुंद खाचा आणि दुसऱ्या बाजूला लाकडाच्या रेषा असा फरक असतो. मार खाल्लेली पट्टी काढून मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीमागे लावा आणि तिथली चांगली पट्टी पुढे आणा. ऊन खाऊन दोन्ही सारख्याच उतरलेल्या असतात, त्यामुळे रंगही जुळतो. नव्या पट्टीचा जुळेलच असं नाही, कारण प्रत्येक खेपेच्या रंगात थोडा फरक असतो.

पट्टी बदलणं

कुंपण दोन पद्धतींनी बांधलेलं असतं. एकात खांबांना उभी खाच असते आणि पट्ट्या वरून एकावर एक सरकवलेल्या असतात. दुसऱ्यात, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या पद्धतीत, फॅब्रिकेटरने लोखंडी चौकोनी पाइपांची चौकट वेल्ड केलेली असते आणि तिच्यावर पट्ट्या स्क्रूने मारलेल्या असतात.

खाचेच्या कुंपणात खालची पट्टी तुटली असेल तर वरच्या सगळ्या काढाव्या लागतात. वरची टोपीपट्टी सोडवा, पट्ट्या एकेक करून वर ओढा आणि प्रत्येकीवर खडूने क्रमांक घाला. ओढताना दोन टोकांना दोन माणसं हवीत. एकच टोक उचललं तर पट्टी खाचेत तिरकी अडकते. सगळ्यात खालच्या आणि वरच्या पट्टीत ॲल्युमिनियमची सळई किंवा पट्टी असू शकते, ती नव्या पट्टीत न विसरता परत घाला. खाचेतली धूळ, चिमण्यांची घरटी आणि गांधीलमाशीचं पोळं आधी साफ करा. मे महिन्यात पोळं नक्की बघा, हात घालण्याआधी.

स्क्रूच्या कुंपणात एकच पट्टी सुटी काढता येते, तेवढी सोय आहे. गंजलेल्या स्क्रूचं डोकं गोल झालं असेल तर ग्राइंडरने डोकं उडवा, पट्टी काढा, आणि उरलेला दांडा पकडीने फिरवून बाहेर काढा. नवी पट्टी बसवताना मात्र घाई नको. यातच अख्ख्या दुरुस्तीचं मर्म आहे, म्हणून थोडं हिशेबाने सांगतो.

पट्टीच्या प्रकारानुसार डब्ल्यूपीसी दर मीटरला, दर अंशामागे साधारण ०.०३ ते ०.०६ मिमी लांबतं. लोखंड लांबतं ०.०१२ मिमी. डिसेंबरच्या पहाटे परभणीत किंवा जालन्यात पट्टी १० अंशांपर्यंत उतरते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता गडद पट्टीचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापतो. फरक ५० अंशांचा. मधला आकडा ०.०४ धरला तर सहा फुटी, म्हणजे साधारण १.८ मीटरच्या पट्टीची लांबी साडेतीन मिमीहून जास्त बदलते. दहा फुटी पट्टीची सहा मिमी. लोखंडी चौकट तेवढी हलत नाही, म्हणजे हा फरक कुठेतरी सामावायला हवा. सामावला नाही तर पट्टी फुगते किंवा चिरते.

म्हणून सहा फुटी पट्टी थंडीच्या सकाळी बसवत असाल तर दोन्ही टोकांची फट मिळून पाच मिमीच्या आसपास ठेवा. मे महिन्यात भर दुपारी बसवत असाल तर ती तेव्हाच सगळ्यात लांब झालेली असते, एक-दोन मिमी पुरेत. मात्र थंडीत ती आखडेल तेव्हाही टोक खाचेत किंवा पाइपावर राहील इतकी बैठक हवी. फट मोजायला वेगळं हत्यार नको. पॅकिंग म्हणून टाइल्सचे प्लास्टिक स्पेसर किंवा लोखंडी पत्र्याचे तुकडे वापरा आणि शेवटी काढून घ्या.

स्क्रूची भोकं अशी पाडा. पट्टीच्या मधल्या आधारावर एकच भोक स्क्रूच्या मापाचं, म्हणजे पट्टी तिथे धरली जाईल. बाकी सगळी भोकं स्क्रूच्या जाडीपेक्षा दीड-दोन मिमी मोठी. पट्टीच्या टोकापासून पहिलं भोक निदान इंचभर आत. मोठ्या डोक्याचा किंवा वॉशर असलेला स्क्रू घ्या. स्टेनलेसचा घेतलात तर उत्तम, फक्त त्याचं टोक नरम असतं, म्हणून लोखंडी पाइपात आधी स्क्रूपेक्षा थोडं बारीक भोक पाडून ठेवा. आवळताना मशीनची मर्यादा खालच्या आकड्यावर ठेवा. वॉशर पट्टीला टेकला की थांबा. पट्टी हाताने ढकलल्यावर किंचित सरकली पाहिजे. सरकत नसेल तर पाव फेरा सैल करा. काम बघणाऱ्या म्हाताऱ्यांना हे ढिलं वाटेल, वाटू द्या.

आधारांमधलं अंतर आडव्या पट्टीसाठी दीड-दोन फुटांपेक्षा जास्त नको. लोंबलेल्या पट्ट्यांच्या चौकटीत मध्ये एक उभा पाइप वाढवून घेणं हे एका भेटीतलं काम आहे. वेल्डर बोलवाल तेव्हा त्या भागातल्या पट्ट्या आधी काढून बाजूला ठेवा आणि शेजारच्या पट्ट्यांवर ओलं गोणपाट टाका. वेल्डिंगची ठिणगी डब्ल्यूपीसीवर पडली की काळा खड्डा पडतो. जोड थंड झाल्यावर तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइड, मग इनॅमलचे दोन हात. पाइपाचं वरचं तोंड प्लास्टिकच्या टोपीने बंद करा आणि तळाशी एक लहान भोक ठेवा. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसेल तर पाइप आतून गंजतो आणि ते बाहेरून कळतसुद्धा नाही.

कललेला खांब

आता मराठवाड्याच्या मूळ दुखण्याकडे येऊ. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आखडते. उन्हाळ्यात शेताच्या भेगांत मनगट जातं, हे आपल्याला माहीतच आहे. तीच माती कुंपणाच्या खांबाला पावसाळ्यात वर उचलते आणि उन्हाळ्यात एका बाजूने सोडून देते. दोन्ही बाजूंची ओल सारखी असेल तर खांब सरळ वरखाली होतो. एका बाजूला बाग आणि दुसऱ्या बाजूला रस्त्याची कोरडी कड असेल तर तो कलतो.

म्हणून कललेल्या खांबाच्या मुळाशी आधी पाणी शोधा. ठिबकची नळी अगदी खांबाजवळ आहे का? आरओचं वाया जाणारं पाणी तिथे सोडलंय का? धुण्याच्या दगडाचं पाणी, कूलरचा ओघळ, छतावरचा पन्हाळीचा पाइप? ते वळवल्याशिवाय नवा खांब रोवणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

कुंपण विटांच्या बुटक्या भिंतीवर उभं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खांबाची प्लेट अँकर बोल्टने धरलेली असते आणि बहुतेक वेळा बोल्ट विटांच्या सांध्यात मारल्यामुळे ढिला झालेला असतो. जुन्याच भोकात जाड बोल्ट ठोकू नका, वीट फुटेल. प्लेट थोडी फिरवून काँक्रीटच्या पट्ट्यात नवीन भोकं घ्या. भिंतीवर काँक्रीटचा पट्टाच नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून त्यात बोल्ट पक्का करणं, हा पर्याय आहे, किंवा तेवढ्या भागात पट्टा ओतून घ्या.

जमिनीत रोवलेल्या खांबाचं काम असं:

१. त्या खांबाला धरलेल्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढा, खडूने क्रमांक घालून. चांगल्या दोन खांबांना वर आणि खाली दोरी बांधा. हीच तुमची ओळ. शेजाऱ्याच्या हद्दीवरचं कुंपण असेल तर शेजाऱ्याला सांगून, त्याच्या समोर दोरी बांधा. हद्दीबद्दल आधीपासून कुरबूर असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, मग खांब. सहा इंचांवरून वाद कोर्टात गेल्याची उदाहरणं प्रत्येक गावात सापडतील.

२. खांबाभोवती पहारीने आणि कुदळीने खणा. काँक्रीटचा गोळा खांबासकट कललाय की गोळा जागेवर आहे आणि खांब जमिनीलगत गंजून वाकलाय, हे पाहा. गंजला असेल तर तो कापून नवाच घ्यावा लागेल. जमिनीच्या वर-खाली सहा इंच हा पाइपाचा सगळ्यात धोक्याचा भाग.

३. खड्डा फूटभर लांब-रुंद आणि निदान अडीच फूट खोल घ्या. मुरूम लागला तर मुरमात आणखी अर्धा फूट शिरा. गोदाकाठच्या पट्ट्यात काळी माती इतकी खोल असते की मुरूम लागतच नाही; तिथे तीन फुटांपर्यंत जा आणि खड्ड्याचा तळ वरच्यापेक्षा रुंद करा, म्हणजे फुगणारी माती खांबाला उपसून काढू शकणार नाही. उलटं, वर पसरट आणि खाली निमुळतं काँक्रीट झालं तर मातीला त्याच्याखाली हात घालून उचलायला सोयच होते.

४. तळाला दोन-तीन इंच मुरूम टाकून कुटा. खड्ड्याच्या वरच्या फूटभर भागात आतून जाड प्लास्टिकचा कागद लावा. मातीची पकड काँक्रीटवर कमी बसते.

५. खांब उभा करा, दोन्ही बाजूंनी ओळंबा लावा, दोन बल्ल्यांचे तिरके टेकू देऊन बांधा. काँक्रीट १:२:४, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. फूट बाय फूट आणि अडीच फूट खोल खड्ड्याला साधारण अर्धी गोणी सिमेंट लागतं. तळ रुंद केला असेल तर थोडं जास्त. पाणी पिण्याजोगं वापरा, खारट बोअरचं नको. सळईने टोचून टोचून हवा काढा आणि ओळंबा पुन्हा बघा, ओतताना खांब हमखास हलतो.

६. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा दोन इंच वर, आणि खांबापासून बाहेर उतार. भोवती वाळू भरू नका. काळ्या मातीतल्या वाळूच्या खड्ड्यात पाणी साचून राहतं. कुटलेला मुरूम भरा.

७. सात दिवस ओलं गोणपाट गुंडाळून पाणी मारा, उन्हाळ्यात दिवसातून तीन वेळा. पट्ट्या त्यानंतरच. टेकू तोवर काढू नका, आणि मुलांना कुंपणावर चढू देऊ नका.

या कामाला दिवाळीच्या आसपासचे दिवस सगळ्यात चांगले. मातीत ओल असते पण चिखल नसतो, आणि भेगा अजून पडलेल्या नसतात. मे महिन्यात रोवलेला खांब पहिल्याच पावसाळ्यात मातीची सगळी फूग सोसतो.

पूर्ण बंद कुंपण असेल, दोन पट्ट्यांमध्ये बोटभरही फट नसेल आणि ते सहा फूट उंच असेल, तर वळवाच्या वाऱ्यात ते शिडासारखं काम करतं आणि सगळा जोर खांबाच्या मुळावर येतो. एकाच ओळीतले तीन-चार खांब कलले असतील तर आणि कुंपण रस्त्याच्या कडेला असेल तर घरच्या दुरुस्तीच्या फंदात पडू नका. फॅब्रिकेटर आणि गवंडी दोघांनाही बोलवा, आणि पट्ट्यांमधली फट वाढवता येते का ते विचारा. गेटला जोडलेला खांबही त्यांच्यावरच सोपवा, कारण त्याच्यावर गेटच्या दाराचं वजन असतं.

दुकानात जाण्याआधी जुनं बिल शोधा. कंपनीची हमी अजून शिल्लक असेल तर भोकं पाडण्याआधी फोटो काढून दुकानदाराला दाखवा. आधी छेडछाड केली की हमी नाकारण्याला निमित्त मिळतं. नवी पट्टी घ्यायला जाताना जुन्या पट्टीचा तुकडा सोबत न्या, फोटोवर रंग जुळत नाही. जाडी, रुंदी आणि टोकाचा आकार तिन्ही जुळवा, खाचेच्या कुंपणात एक मिमीचा फरकही पट्टी अडकवतो. एक-दोन पट्ट्या जास्त घ्या आणि सपाट जागी, सावलीत आडव्या ठेवा. भिंतीला तिरक्या टेकवून ठेवल्या तर उन्हाळ्यात तिथेच वाकतील.

कापलेले तुकडे चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात जाळू नका. लहान तुकडे पॅकिंगला आणि पुढच्या चिरांच्या मागच्या आधाराला कामी येतात, एका डब्यात स्क्रूंसोबत ठेवून द्या. पहिला वळीव झाला की आणि पुन्हा दिवाळीनंतर, एकदा कुंपणाच्या कडेने चालत जाऊन वरची रेघ दोरीने तपासा आणि मोठ्या भोकांतले स्क्रू हाताने हलवून बघा.